नकळत घडलं, तरी जाऊन सांगा

वाचकाचं पत्र:

मी नगर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आमच्या मंडळीत दर बुधवारी महिला मंडळाची प्रार्थना असते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी मला विश्वासाने सांगितलं, की त्यांच्या मुलीला लहानपणापासून फिट्स येतात, गोळ्या चालू आहेत, आणि आता लग्नाचं बघायला घेतलंय म्हणून जीव टांगणीला लागलाय. बुधवारी प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या तेव्हा मी उठून उभी राहिले, मुलीचं नाव घेतलं, आजार सांगितला आणि प्रार्थना करायला सांगितली. अगदी मनापासून. तिथे बसलेल्या एका बाईंच्या नात्यातच त्या मुलीची बोलणी चालली होती, हे मला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांत तिकडून नकार आला. काकू आता माझ्याशी बोलत नाहीत. मुलगी समोरून येताना दिसली की रस्ता बदलते.

मंडळातल्या एक जणी म्हणाल्या, ‘नकळत झालं, कशाला मनाला लावून घेतेस?’ दुसरीने सांगितलं, ‘पाप ते पापच. नकळत असलं तरी शिक्षा चुकत नाही.’ माझी मावसबहीण वसईला कॅथलिक घरात दिलीय. ती म्हणते, पूर्ण जाणीव नसेल तर ते गंभीर पाप धरत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत माझा मुलगा सायकलवरून पडला, हात मोडला, तेव्हापासून मला वाटतं की शिक्षा सुरू झाली. रात्री झोप लागत नाही. आजवर आणखी काय काय नकळत केलं असेल ते आठवत पडून राहते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या, रविवारी मागच्या बाकावर बसते, पुढे जात नाही. अयोग्य प्रकारे घेतलं तर दोषी ठरेन, ही भीती. नकळत केलेलं पाप देव पाप धरतो का? आणि जी पापं मला ठाऊकच नाहीत, त्यांची क्षमा मागायची तरी कशी?

— एक भगिनी

ताई,

‘नकळत झालं, सोड’ म्हणणाऱ्या बाईंनी तुमच्यावर माया केली, पण तुमचं मन त्यावर ठरलं नाही. ते ठरलं नाही हे चांगलंच आहे. कारण काहीतरी खरोखर घडलंय. एका मुलीची गोष्ट तुमच्या विश्वासावर तुमच्या कानात पडली होती आणि ती भरल्या खोलीत उघडी झाली. हेतू प्रार्थनेचा होता, त्याबद्दल मला तिळभर शंका नाही. तरी ती गोष्ट सांगायची तुमची नव्हती. हे मी आधीच स्पष्ट सांगते, कारण ‘काही झालंच नाही’ असं म्हणणाऱ्याकडून क्षमेची गोष्ट ऐकली तर ती तुम्हाला खरी वाटणार नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: होय, पवित्र शास्त्र नकळत घडलेल्या पापाला पाप म्हणतं. आता तेच शास्त्र त्या पापाचं काय करतं ते बघू. तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीने तिथवर जायच्या आधीच पुस्तक मिटलं.

वर्षभरात बायबल वाचून काढायचं ठरवलं की बहुतेकांची गाडी लेवीय या नियमांच्या पुस्तकाशी अडते. गोऱ्हे, बकरे, चरबी, रक्त, राख. पण लेवीयाचा चौथा आणि पाचवा अध्याय एकदा निवांत वाचा, ते तुमच्यासाठीच लिहिलेत असं वाटेल. चौथा अध्याय सबंध नकळत घडलेल्या पापाबद्दल आहे, आणि त्याची सुरुवात अभिषिक्त याजकापासून होते. लोकांसाठी जो देवापुढे उभा राहतो त्याच्याच हातून नकळत चूक होऊ शकते, हे तिथे आधी धरूनच चाललेत. मग सगळी मंडळी, मग अधिपती, मग सामान्य माणूस. याजकाने गोऱ्हा आणायचा, अधिपतीने बकरा, साध्या माणसाने बकरी किंवा मेंढी. पाचव्या अध्यायात आणखी खाली उतरतात: मेंढी परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेही परवडत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटरच्या डब्यात मावेल एवढं पीठ. त्यावर तेल घालायचं नाही, ऊद ठेवायचा नाही. डबाभर पिठापायी कुणी क्षमेपासून लांब राहू नये इतका विचार त्या नियमात केलेला आहे.

त्याच पाचव्या अध्यायातल्या चौथ्या वचनात बिनविचाराने तोंडातून निघालेल्या शपथेचा उल्लेख येतो. मग ती भल्यासाठी घेतलेली असो की बुऱ्यासाठी. भल्यासाठी! माणूस बोलून गेला, त्या वेळी त्याच्या ध्यानात आलं नाही, नंतर आलं. तुमचं बोलणं शपथ नव्हतं, पण भल्या हेतूने, पुढचा विचार न करता तोंडातून निघून गेलेला शब्द शास्त्राला माहीत आहे, एवढं तरी यावरून कळतं. आणि पुढचं वचन सांगतं की समजून आल्यावर त्याने अमुक गोष्टीत मी पाप केलं असं कबूल करावं. अमुक गोष्टीत. तुमच्यापुढे ती अमुक गोष्ट एकच आहे. बुधवारची. बाकीचं आयुष्य उकरून काढा असं तिथे कुणी सांगितलेलं नाही.

आता हे सगळे नियम कधी दिले गेले ते बघा. सीनाय पर्वतापाशी, निवासमंडप म्हणजे उपासनेचा तंबू उभा राहिला त्याच सुमारास. इस्राएल लोकांच्या हातून पुढे काय काय नकळत घडणार होतं त्याच्या किती आधी! आश्रयनगरांचंही तेच. तुम्ही संडे स्कूलमध्ये त्यांची नावं पाठ केली असतील: यार्देनेच्या अलीकडे केदेश, शखेम आणि हेब्रोन, पलीकडे बेसेर, रामोथ आणि गोलान. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात उदाहरण आहे. दोघं शेजारी रानात लाकडं तोडायला जातात. एक जण कुऱ्हाड उगारतो, दांड्यातून पातं निसटतं आणि दुसऱ्याला लागून तो मरतो. वैर नव्हतं, इरादा नव्हता, पण शेजारी मेला. सूड घेणाऱ्यापासून जीव वाचवायला अशा माणसाने आश्रयनगराकडे पळून जायचं. आणि त्या नगरांकडे जाणारे रस्ते आधीच तयार करून ठेवा, अशी आज्ञा तिथे आहे. कुऱ्हाडीचं पातं निसटायच्या आधी रस्ता तयार. देवाची कृपा म्हणजे काय हे मला विचारलं तर मी हाच रस्ता दाखवते.

पण आश्रयनगरात गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी परतत नसे, हेही त्याच नियमात आहे. मुख्य याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याला तिथे राहावं लागे. जीव वाचला, तरी घडलेल्या गोष्टीचं ओझं मध्ये राहिलंच. तुमच्या आणि काकूंच्या घरामधली शांतता ही तशीच काही काळ राहील. ती शिक्षा समजू नका. एका घराला लागलंय, ते भरायला वेळ लागतो. आणि मुख्य याजक मेला की तो माणूस मोकळा होई, हे वाचताना इब्री लोकांस पत्र ज्याला आपला मुख्य याजक म्हणतं त्या येशूची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आपला मुख्य याजक मेला, ताई. वधस्तंभावर. तुमचा मोकळं होण्याचा दिवस येऊन गेलाय.

त्याच वधस्तंभावरून तो म्हणाला, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.’ खाली शिपाई त्याच्या कपड्यांवर चिठ्ठ्या टाकत होते. त्यांच्यापैकी कुणीही क्षमा मागितलेली नव्हती. आपण पाप करतोय हेच ज्यांच्या गावी नव्हतं त्यांच्यासाठी त्याने मागितली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे: जी पापं तुम्हाला ठाऊक नाहीत ती त्याला ठाऊक आहेत, आणि त्यांच्यासाठी मध्यस्थी करायला तो तुमच्या यादीची वाट बघत थांबलेला नाही.

प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं वाचा. मी निंदक होतो, छळ करणारा होतो, पण जे केलं ते न समजून केलं म्हणून माझ्यावर दया झाली, असं तो लिहितो. ‘न समजून केलं’ असं सांगतानाच दोन वचनांनंतर तो स्वतःला पाप्यांमधला मुख्य म्हणतो. अज्ञान होतं म्हणून गुन्हाच नव्हता असं तो म्हणत नाही, आणि गुन्हा होता म्हणून दया मिळणार नाही असंही म्हणत नाही. प्रेषित पेत्र यरुशलेमेत लोकांना सांगतो, येशूला मारलंत ते तुम्ही अज्ञानाने केलं हे मला ठाऊक आहे, आणि लगेच म्हणतो, तर मग पश्चात्ताप करा. मला वाटतं तुमच्या दोन्ही मैत्रिणींना हा प्रेषितांच्या कृत्यांचा तिसरा अध्याय एकत्र बसून वाचायला द्यावा.

मुलाच्या हाताचं थोडक्यात सांगते, कारण त्यात मोठं काही नाही. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणाला, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हाही, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं समजू नका, हेच त्याने सांगितलं. सायकलवरून पोरं पडतात. हाड सांधतं. तुमच्या बुधवारच्या शब्दाचा हिशोब देव तुमच्या लेकराच्या मनगटाकडून वसूल करतोय, ही कल्पना त्या बापाला शोभणारी नाही. ती मनातून काढून टाका, आणि मुलासमोर तर चुकूनही बोलू नका.

तुमची मावसबहीण सांगते ते तिच्या चर्चची शिकवण म्हणून बरोबर आहे. कॅथलिक धर्मशिक्षणात गंभीर पापासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाब स्वतः गंभीर असावी, पूर्ण जाणीव असावी आणि जाणूनबुजून संमती असावी. यातली एखादी नसेल तर देवाशी असलेलं नातं तुटत नाही. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत पापांची अशी प्रतवारी करत नाहीत, पण हेतू आणि जाणीव यांना वजन आहे हे आपणही मानतो. ‘गणना’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात नकळत केलेलं आणि उद्दामपणे, हात उगारून केलेलं, असा फरक देवानेच केलाय. फक्त एक लक्षात असू द्या: जाणीव नव्हती तोवर ती नव्हती. आता आहे. म्हणून आता काय करायचं हा प्रश्न दोन्ही घरांत सारखाच उरतो.

आता रात्रीच्या त्या आठवत बसण्याबद्दल. हे मला सगळ्यांत जास्त काळजीचं वाटतं.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन माणसं याच आजाराने पार खचली होती. एक जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठातला मार्टिन लूथर. तासन् तास धर्मगुरूपुढे पापनिवेदन करायचा, खोलीत परत गेला की राहिलेलं एखादं पाप आठवायचं आणि पुन्हा धावत यायचा. दुसरा इग्नेशियस लोयोला. १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसा गावी तो राहायचा, रोज कित्येक तास प्रार्थना करायचा, आणि एकदा सांगितलेली पापं पुन्हा पुन्हा सांगायचा. आपण काहीतरी नीट सांगितलंच नाही, ही टोचणी जाईना. जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत तो पोचला होता. पुढे लूथर प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता झाला, इग्नेशियसने कॅथलिकांचा जेझुइट संघ स्थापला, असे हे दोघं ख्रिस्ती जगाच्या दोन टोकांना गेले, पण बाहेर पडायची वाट दोघांची जवळपास एकच होती. लूथरला त्याचे वरिष्ठ श्टाउपित्स यांनी पापांची उजळणी सोडून ख्रिस्ताच्या जखमांकडे बघायला सांगितलं. इग्नेशियसने एक दिवस ठरवलं की मागचं पाप यापुढे पुन्हा निवेदनात सांगायचं नाही. तेव्हापासून त्याचं मन मोकळं झालं.

स्तोत्र एकोणीसमध्ये दावीद विचारतो, आपल्या चुका कुणाला कळतात? आणि गुप्त दोषांपासून मला मुक्त कर, एवढंच मागतो. एका ओळीत. त्याने शोध घेतला नाही, यादी केली नाही, कारण न दिसणारं शोधत बसलं तर रात्र संपते, दोष संपत नाहीत. तुम्हीही तेवढंच म्हणा. झोपताना एकदा, आपल्या शब्दांत, आणि दिवा मालवा. पुन्हा मनात यादी सुरू झाली तर पुन्हा क्षमा मागायची नाही. ‘ते मागून झालंय’ असं म्हणून कूस बदला. हे जमायला वेळ लागेल. जेवण जात नसेल, झोप पुढेही अशीच उडालेली असेल, तर तालुक्याला जाऊन चांगल्या डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

प्रभुभोजनाचं. करिंथकरांस पहिल्या पत्रातलं ते वचन तुम्ही भीतीने धरून बसला आहात. पण ते कुणाला लिहिलंय ते आधीच्या काही ओळींत आहे. करिंथात ज्यांच्याकडे होतं ते आधीच जेवून घ्यायचे, कुणी उपाशी राही, कुणी पिऊन तर्र होई, आणि गरिबांना खाली मान घालावी लागे. तो अयोग्य प्रकार होता. आपल्या चुकीने रात्र-रात्र जागणाऱ्या बाईला मेजापासून दूर ठेवण्यासाठी पौलाने ते लिहिलेलं नाही. पुढच्याच वचनात तो म्हणतो, माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग खावं. परीक्षण करून मागच्या बाकावर बसावं असं तो म्हणत नाही. ज्याच्या हातून नकळत काहीही घडलं नाही त्यानेच पुढे यावं असं ठरवलं, तर भाकर मोडणारे पाळकसाहेबही मेजापाशी उभे राहू शकणार नाहीत.

मात्र एक काम त्याआधी करा. वेदीपाशी भेट आणलीस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर आधी जाऊन समेट कर, असं प्रभू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगतो. तुमच्या पत्रात काकू बोलत नाहीत हे आहे. तुम्ही गेला होतात असं कुठेच नाही. जा. व्हॉट्सॲपवर लिहू नका, मध्ये पाळकीणबाईंना घालू नका. दुपारी काकू एकट्या असतील तेव्हा जा, आणि बसायला सांगायच्या आधीच, उंबऱ्यातच म्हणा: ‘काकू, तुम्ही मला विश्वासाने सांगितलं होतं आणि मी ते सगळ्यांसमोर बोलले. माझं चुकलं. मला क्षमा करा.’ एवढंच. ‘मी तर प्रार्थनेसाठीच’ हे वाक्य तोंडावर येईल, ते गिळा. ते खरं आहे, पण आज ते काकूंच्या कामाचं नाही. ‘मुलाकडच्यांना कधीतरी कळलंच असतं’ हे तर मनातही आणू नका, सांगायचं कधी आणि कसं हा त्या घराचा निर्णय होता. रडू आलं तर आवरा, नाहीतर काकूंनाच तुमची समजूत काढत बसावं लागेल. ‘क्षमा केली असं म्हणा’ असा आग्रहही नको. त्या गप्प राहिल्या तर उठून या.

जास्त दुखावली गेलीय ती मुलगी. तिची गोष्ट होती. तिला भेटू का, हे काकूंना विचारा आणि त्या सांगतील तसं करा.

लेवीयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूच्या पवित्र वस्तूंच्या बाबतीत नकळत चूक झाली तर नुकसान भरून द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा, असं आहे. तुमच्या बाबतीत तो वरचा हिस्सा काय असेल याचा मी विचार केला. मंडळात उभं राहून ‘माझं चुकलं, ती गोष्ट मी बोलायला नको होती’ असं म्हणणं, हा एक. पण तेही काकूंना विचारल्याशिवाय नको, नाहीतर विसरत आलेली गोष्ट पुन्हा पन्नास कानांवर जाईल. त्या नको म्हणाल्या तर गप्प राहा, आणि मंडळात पुन्हा तो विषय निघाला तर तिथल्या तिथे थांबवा. फिट्स हा मेंदूचा आजार आहे, गोळ्यांनी बहुतेकांचा आटोक्यात राहतो, आणि भूतबाधा नाही, हे तुम्ही मंडळात कुणाचं नाव न घेता सांगू शकता. आपल्या मंडळ्यांत हे अजून सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि यापुढे प्रार्थनेची विनंती देताना ज्याचं नाव घ्यायचं त्याला आधी विचारा. ‘एका घरासाठी प्रार्थना करा’ एवढं पुरतं. तुमच्या मंडळाच्या पुढारी बाईंना हे वाचायला दिलंत तरी चालेल, कारण ही सवय तुमच्या एकटीची नाही. पुष्कळ मंडळ्यांत प्रार्थनेच्या वेळेत कुणाचा नवरा पितो, कुणाची सून नांदत नाही, हे सगळं गावभर होतं, आणि सगळ्यांना वाटतं आपण सेवा केली.

काकूंनी तुम्हाला दारातूनच परत पाठवलं, तर काय? रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल म्हणतो, साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं करून सर्वांशी शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितकं तुम्ही केलेलं असेल. त्या रविवारी पुढे जाऊन भाकर घ्या. महिन्याभराने पुन्हा एकदा काकूंकडे जा, या वेळी क्षमा मागायला नको, नुसतं कसं आहे विचारायला.

तुमची,
ताई